पटकीचा संसर्ग: जंतू बाहेरच राहतो, तरी शरीर का कोसळते?

(पाणीपुरवठा अभियांत्रिकीतील ‘पाणी आणि रोग’ या घटकासाठीचे टिपण)

संसर्ग म्हणजे रोगजंतू शरीरात शिरून वाढणे, ही व्याख्या आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. ती बरोबर आहे. फक्त त्यातल्या ‘शरीरात’ या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा पचनमार्ग ही एक लांब नळी आहे आणि ती दोन्ही टोकांना बाहेरच्या जगाकडे उघडते. भिंतीत गाडलेल्या पाइपातले पाणी भिंतीच्या आतून वाहते, म्हणून ते भिंतीचा भाग होत नाही. तसेच आपण गिळलेले पाणी आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात जाईपर्यंत खऱ्या अर्थाने शरीरात आलेले नसते. ते नळीत असते.

काही रोगजंतू हे अस्तर ओलांडतात. विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, जंतू पाण्यातूनच येतो, पण आतड्याच्या भिंतीतून आत जाऊन रक्तात पोहोचतो. म्हणून त्यात दिवसेंदिवस ताप राहतो. धनुर्वाताचा जंतू जखमेतच बसून राहतो आणि त्याचे विष मज्जातंतूंच्या वाटेने वर चढते. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू मात्र पाण्यातून येतो, आतड्याच्या अस्तराला बाहेरून चिकटतो, तिथेच वाढतो आणि तिथूनच निघून जातो. रक्तात तो सहसा जातच नाही. बहुतेक रुग्णांना तापही नसतो. तरीही धडधाकट माणूस सकाळी आजारी पडून संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. हे कसे घडते, ते या टिपणात पाहायचे आहे. बाहेरून आलेला संसर्ग शरीरावर कसा परिणाम करतो हे समजून घ्यायला अभियंत्याच्या दृष्टीने याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, कारण इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा हिशोब पाण्याचाच आहे.

जुन्या पिढीला या रोगाची ओळख पटकी किंवा महामारी या नावांनी होती. गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, ती याच भीतीतून उभी राहिली. आज बातम्यांत ‘गॅस्ट्रोची लागण’ असा मोघम शब्द येतो. त्यात पटकीही असू शकते आणि दुसरेही बरेच काही. प्रयोगशाळेत शौचाचा नमुना तपासल्याशिवाय ते कळत नाही.

जंतू राहतो कुठे

पटकीचा जंतू म्हणजे ‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा स्वल्पविरामाच्या आकाराचा, एका टोकाला शेपटीसारखी कशाभिका असलेला, चपळ पोहणारा जीवाणू. इटलीतील फिलिपो पाचिनी यांनी १८५४ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख १८८३-८४ मध्ये आधी इजिप्तला आणि मग कोलकात्याला आले. तिथे रुग्णांच्या आतड्यात आणि एका तलावाच्या पाण्यातही त्यांना हाच जंतू सापडला.

या जंतूला जगायला माणसाची गरज नाही. नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात तो एरवीही राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाचा प्रदेश हे त्याचे जुने घर. पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्यांच्या अंगावर तो चिकटून असतो. यातून निघालेला एक साधा उपाय मला फार आवडतो. बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी चार किंवा अधिक पदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवले गेले. एकटा जंतू अशा कापडातून सहज निसटतो, पण ज्यावर तो बसलेला असतो तो प्राणी कापडावर अडकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. नवी साडी नको, जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात.

साथ पसरते ती मात्र बहुधा माणसाच्या विष्ठेतून. पाण्यातला जंतू एकदा कोणाच्या आतड्यात वाढला की एकाचे अब्जावधी होऊन बाहेर पडतात. ज्यांना लागण होते त्यांतल्या बहुतेकांना एकतर काही त्रास होत नाही किंवा साधे जुलाब होतात, पण त्यांच्याही शौचातून काही दिवस जंतू पडत राहतात. त्यामुळे साथीच्या वेळी फक्त दवाखान्यात आलेल्या रुग्णांची घरे शोधून भागत नाही.

पहिला अडथळा: जठराचे आम्ल

प्यायलेल्या पाण्यातले जंतू प्रथम जठरात जातात. रिकाम्या पोटी तिथला सामू दोनच्या आसपास असतो आणि हा जंतू आम्लाला फार नाजूक आहे. बहुतेक जंतू तिथेच मरतात. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे दिसले की नुसत्या पाण्यातून जंतू दिले तर आजार होण्यासाठी साधारण १० कोटी जंतू लागतात. तेच आधी खाण्याचा सोडा देऊन जठराचे आम्ल मारले, तर १० हजार ते १० लाख जंतू पुरतात. म्हणजे शंभरपट ते दहा हजारपट फरक. म्हणूनच जेवणाबरोबर पोटात गेलेले जंतू जास्त घातक ठरतात. कुपोषित मुले आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यांनाही धोका जास्त. (यावरून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत; पाणी उकळून प्यावे.)

आता हे आकडे घेऊन एक हिशोब करू, कारण ‘पाणी दूषित झाले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. किती, हे महत्त्वाचे. गंभीर रुग्णाच्या जुलाबाच्या एका मिलिलिटरात १ कोटी ते १०० कोटी जंतू असतात. आपण खालची मर्यादा, १ कोटी, धरू. असा १ लिटर मैला १० लाख लिटरच्या गावटाकीत मिसळला, तर दर लिटरला १० हजार जंतू झाले आणि २०० मिलिलिटरच्या पेल्यात २ हजार. निरोगी माणसाचे जठर हे बहुधा पेलून नेईल. आता तोच १ लिटर मैला फुटक्या पाइपातून एखाद्या घराच्या १ हजार लिटरच्या टाकीत गेला, तर एका पेल्यात २० लाख जंतू येतात. ज्याचे आम्ल कमी आहे त्याला एवढे पुरेसे आहेत. मैला तितकाच, जंतू तितकेच. ते किती पाण्यात मिसळले एवढाच फरक.

शिवाय नुकतेच बाहेर पडलेले जंतू काही तास अधिक संसर्गक्षम असतात, असे संशोधनात दिसले आहे. शौचालयाचा खड्डा आणि पाण्याचा नळ यांच्यातले अंतर कमी म्हणजे विरळता कमी आणि वेळही कमी. दोन्ही बाजूंनी नुकसान.

आतड्यात पोहोचल्यावर

जठरातून सुटलेला जंतू लहान आतड्यात येतो. तिथे आम्ल नाही, उलट वातावरण अल्कलीकडे झुकलेले आहे, आणि ते त्याला मानवते. आतड्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. कशाभिकेच्या जोरावर जंतू त्यातून पोहत अस्तरापर्यंत जातो आणि केसासारख्या तंतूंनी तिथे चिकटतो. चिकटला नाही तर आतड्याच्या हालचालीबरोबर वाहून जाईल. मग तो वाढू लागतो आणि विष सोडू लागतो. हे विष बनवण्याची जनुके मुळात जंतूची स्वतःची नाहीत. जीवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूने ती त्याच्यात आणून सोडली आहेत. ज्या व्हिब्रिओत ती नाहीत, तो गिळला तरी पटकी होत नाही.

रोगाचे कारण जंतूने सोडलेले विष आहे, हे सिद्ध व्हायला कॉखनंतर पाऊणशे वर्षे जावी लागली आणि ते काम कोलकात्यातच झाले. शंभुनाथ दे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले; तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनी पुढचा टप्पा गाठला: जंतू वाढवलेला द्रव गाळून, एकही जंतू नसलेले पाणी त्या तुकड्यात घातले, तरी तो तसाच फुगला. ‘नेचर’मधल्या त्या छोट्या निबंधाने प्रश्न निकालात निघाला. मोठे यंत्र नाही, मोठे अनुदान नाही. प्रश्न नेमका होता आणि नियंत्रण नमुना बरोबर होता. प्रकल्पासाठी महागडे उपकरण मिळाले नाही म्हणून अडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

विष नेमके काय करते? त्याचे दोन भाग आहेत. पाच सारख्या तुकड्यांचे एक कडे पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते आणि सहावा तुकडा आत सोडते. हा सहावा तुकडा पेशीतला एक स्विच कायमचा ‘चालू’ करून ठेवतो. एरवी हा स्विच गरजेप्रमाणे चालू होतो आणि आपला आपण बंद होतो. पटकीच्या विषाने तो बंद होण्याची सोयच काढून टाकली जाते. परिणामी पेशीत चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण चढते राहते. त्याच्या हुकमाने पेशीच्या आतड्याकडच्या बाजूचे क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात. क्लोराइड आयन नळीत येतात, त्यांच्या ऋण प्रभाराच्या ओढीने सोडियम येतो आणि मिठाच्या मागोमाग परासरणाने पाणी. त्याच वेळी आतड्यातून मीठ आत ओढून घेण्याचा नेहमीचा एक मार्गही बंद पडतो. एका बाजूने तोटी उघडी आणि दुसऱ्या बाजूने मोरी तुंबलेली, अशी ही अवस्था.

इथे अस्तर फाटलेले नसते, पेशी मेलेल्या नसतात, रक्त पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आतडे जवळजवळ निरोगी दिसते. हे लक्षात ठेवा. पुढे उपचाराचा सगळा डाव यावरच उभा आहे.

शरीराचा जलताळेबंद

निरोगी माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला २ लिटरच्या आसपास आपण खातो-पितो तो, आणि बाकीचा ७ लिटर लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस यांचा. यातला बहुतेक सगळा परत शोषला जातो. सुमारे दीड लिटर मोठ्या आतड्यात जातो आणि शौचातून बाहेर पडतो जेमतेम १००-२०० मिलिलिटर. पाणीपुरवठा योजनेच्या भाषेत सांगायचे तर ९८ टक्के पुनर्वापर होतो. इतक्या मोठ्या उलाढालीत थोडा बिघाड झाला तरी तूट केवढी होईल याची कल्पना करा. गंभीर पटकीत तासाला १ लिटरपर्यंत पाणी जाते. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे पांढुरके, जवळजवळ वास नसलेले जुलाब ही त्याची ओळख. जोडीला उलट्या. लागण झाल्यापासून १२ तास ते ५ दिवसांत हे सुरू होते.

६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असते. म्हणजे ६ लिटर गेले तर सहाव्या हिश्श्याची तूट, असा हिशोब कोणी करेल. तो अपुरा आहे. त्या ३६ लिटरपैकी २४ लिटर पेशींच्या आत आहे आणि पेशींबाहेर, रक्तद्रव धरून, फक्त १२ लिटर. आतड्यातून जाणारा द्रव मिठाच्या प्रमाणात रक्तद्रवाच्या जवळपास असतो. त्यामुळे पेशींच्या आतले पाणी परासरणाने बाहेर येऊन ही तूट भरून काढत नाही. सगळा भार त्या १२ लिटरवर पडतो. ६ लिटर जाणे म्हणजे तो साठा निम्म्यावर येणे, आणि तासाला १ लिटर या वेगाने त्याला ६ तास पुरतात.

मग जे दिसते ते पंपाची सक्शन टाकी कोरडी पडल्यासारखे असते. हृदय जोरात चालते पण ढकलायला पुरेसे रक्तच नसते. नाडी जलद आणि क्षीण होते, मनगटाला लागेनाशी होते, रक्तदाब उतरतो. शरीर उरलेले रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते, म्हणून हातपाय गार पडतात. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी धोबिणीच्या हातासारखी सुरकुततात. पोटावर चिमटा घेऊन सोडला तर कातडीची घडी तशीच राहते. मूत्रपिंडाला रक्त न मिळाल्याने लघवी थांबते. पाण्याबरोबर पोटॅशियम जाते, त्याने पोटऱ्यांत आणि पोटात असह्य गोळे येतात. बायकार्बोनेट जाते, रक्त आम्लधर्मी होते आणि ते भरून काढायला रुग्ण खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेतो. शुद्ध बहुधा शेवटपर्यंत असते, फार सुस्तावलेली. उपचार नाही मिळाले तर अशा गंभीर रुग्णांतले निम्मे किंवा त्याहून जास्त मरतात. योग्य उपचार वेळेत मिळाले तर शंभरातला एकही मरू नये, हा जगभराचा अनुभव आहे.

या दोन आकड्यांमधले अंतर औषधापेक्षा पाण्यानेच कापलेले आहे.

दुसरे दार

जुलाब चालू आहेत म्हणून पाणी बंद करायचे, ही समजूत आपल्याकडे आजही आहे आणि डॉक्टरही एके काळी आतड्याला ‘विश्रांती’ देत असत. वरचा ताळेबंद पाहिल्यावर हे किती घातक आहे ते सांगायला नको. पण नुसते पाणी पाजूनही काम होत नाही. मीठ शोषण्याचा एक मार्ग बंद आहे, आणि मिठाशिवाय पाणी आत येत नाही; पाजलेले पाणी जुलाबात भर घालते.

वाट सापडली ती दुसऱ्या दारातून. आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारा एक वाहक असतो. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी. पटकीचे विष या वाहकाला हात लावत नाही, आणि पेशी जिवंत असल्यामुळे तो काम करत राहतो. जुलाब चालू असतानाही या दाराने पाणी आत घेता येते. जलसंजीवनीत साखर असते ती शक्ती यावी म्हणून नाही, मिठाला आत नेण्यासाठी. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर हे दाखवून दिले.

त्याची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, ते लावणारी माणसेही पुरेशी नव्हती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजण्याचे काम आयाबहिणींनी केले. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ३.६ टक्क्यांवर आला. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हा मान त्यांना हयातीत मिळायला हवा होता, असे माझे मत आहे.

आजच्या पाकिटात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण का पाळायचे? साखर जास्त झाली तर ती न शोषता नळीत उरते आणि परासरणाने उलट पाणी बाहेर ओढते. बाटलीबंद गोड शीतपेये जुलाबात म्हणूनच नकोत. मीठ जास्त झाले तर लहान मुलांच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीवर चढतो. मात्र नाडी लागत नसेल किंवा रुग्ण सुस्त पडला असेल तर पाजत बसायला वेळ नसतो. शिरेतून द्रव द्यावाच लागतो. प्रमाण किलोमागे १०० मिलिलिटर, मोठ्या माणसाला ३ तासांत. ६० किलोच्या रुग्णाला हे ६ लिटर होतात. वर आपण जी तूट काढली तोच हा आकडा.

प्रतिजैविकाने जुलाबांचे दिवस कमी होतात आणि जंतू पडणेही कमी होते, पण जीव वाचतो तो पाणी-मीठ भरून काढल्याने.

पाइपातली वाट

आता आपल्या खात्याकडे येऊ. १८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला पटकीने सुमारे ८,६०० माणसे मेली. शेजारचे अल्टोना शहर त्याला इतके लागून होते की सीमा एका रस्त्यावरून जात होती. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. त्यातही अल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचा मैला मिसळल्यानंतरचे पाणी उचलणारे. तरी अल्टोनात साथ फारशी पसरली नाही. कारण तिथे मंदगती वाळू गाळणी होती आणि हॅम्बुर्गची गाळणी अजून बांधून व्हायची होती. हॅम्बुर्गच्या हद्दीत असूनही अल्टोनाच्या नळाचे पाणी मिळणारी एक वसाहत वाचली. हवा तीच, माती तीच, माणसे तीच. फक्त पाइप वेगळा. दूषित हवेमुळे पटकी होते असे मानणाऱ्यांना यावर उत्तर देणे अवघड गेले. हॅम्बुर्गची गाळणी पुढच्याच वर्षी सुरू झाली.

आपल्याकडे आज गाळणी बहुतेक शहरांत आहे. आपला कच्चा दुवा गाळणीच्या पुढे आहे. नळाला दिवसातून तासभर, कुठे आठवड्यातून दोनदा पाणी येते. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि चढावरच्या भागात आतला दाब वातावरणाच्या खाली जातो. जलवाहिनी गटाराशेजारून किंवा गटारातूनच नेलेली असेल आणि सांधा ठिबकत असेल, तर पुरवठ्याच्या वेळी जिथून पाणी बाहेर येते तिथूनच नंतर गटाराचे पाणी आत ओढले जाते. गळती ही दोन्ही दिशांनी चालते, हे विसरू नका. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावली की शोषण आणखी वाढते. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे अखंड पुरवठ्याचे आणि ठरावीक वेळच्या पुरवठ्याचे विभाग शेजारी शेजारी होते. तिथल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या पाण्यात दूषितता कितीतरी अधिक वेळा आढळली, आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत विशेष. ‘पहिले पाणी सोडून द्या’ हा घरातला जुना शिरस्ता त्यामुळे अगदी योग्य आहे.

अवशिष्ट क्लोरीन लागतो तो याच वाटेसाठी. जलशुद्धीकरण केंद्रातले जंतू तिथल्या मात्रेने मरतात. नंतर वाटेत शिरणाऱ्यांसाठी शिल्लक ठेवावी लागते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० ही शिल्लक ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावी असे सांगते. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. मोजायचे ठिकाण वाहिनीचे शेवटचे टोक, टाकीजवळचा नळ नव्हे. मात्र ०.२ ही शिल्लक थोड्याशा शिरकावासाठी आहे. सांध्यातून गटाराचा लोटच आत आला तर ती क्षणात संपते. तेव्हा शेवटच्या नळाशी क्लोरीन एकाएकी शून्य आला, तर मात्रा वाढवण्याआधी गळती शोधावी. तो शून्य हीच पहिली खबर असते, आणि रुग्ण दवाखान्यात यायच्या आधी मिळालेली.

गावातल्या विहिरीचे एक उदाहरण सोडवू. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. पाणी ०.७८५ × ९ × ४, म्हणजे सुमारे २८.३ घनमीटर किंवा २८,३०० लिटर. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ५६.६ ग्रॅम लागेल. ताज्या टीसीएल पावडरीत ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन धरला तर पावडर सुमारे १७० ग्रॅम. पण उघड्या पोत्यात पावसाळाभर पडलेली पावडर २० टक्क्यांवर उतरलेली असेल, तर २८३ ग्रॅम. जुन्या पावडरीचे १७० ग्रॅमच टाकले तर नोंदवहीत शुद्धीकरण झालेले असते, पाण्यात झालेले नसते. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबून ओटी चाचणी करायची. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते, कारण गाळातले सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाते आणि कणांच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत तो पोहोचत नाही. सामू ८.५ च्या पुढे गेला तरी तोच क्लोरीन बराच दुबळा होतो.

सरावासाठी

१. वरच्या विहिरीत पावसाने पाण्याची खोली ६ मीटर झाली आणि गढूळपणामुळे मात्रा लिटरला ४ मिलिग्रॅम ठरवली. २५ टक्के क्लोरीन असलेली पावडर किती लागेल? (उत्तर: सुमारे ६७९ ग्रॅम)

२. ४० किलो वजनाच्या रुग्णाच्या वजनाच्या १० टक्के द्रव गेला आहे. तूट किती लिटर, आणि एकूण पाणी वजनाच्या ६० टक्के व पेशींबाहेरचे पाणी २० टक्के धरले तर पेशींबाहेरच्या साठ्याचा कितवा हिस्सा गेला? (उत्तर: ४ लिटर, निम्मा)

३. आपल्या वसतिगृहाच्या किंवा घराच्या नळाला पाणी सुटल्यावर पहिल्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला अवशिष्ट क्लोरीन मोजा. तिन्ही आकडे, वेळ आणि नळाचे टाकीपासूनचे अंतर यांचा तक्ता करून आणा.